डिझेलचा शेवटचा मुक्काम

मुंबईच्या माहुलमधून निघालेलं डिझेल एचपीसीएलच्या पाइपलाइनमधून पुण्यावरून सोलापूरजवळच्या पाकणीला येतं. सुमारे 500 किलोमीटरच्या या वाटेत त्याला ना वारा लागतो, ना ऊन, ना धूळ. पाकणीच्या डेपोत टँकर भरतात, तुळजापूरचा घाट चढून आपल्या धाराशिव जिल्ह्यात येतात आणि पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत रिकामे होतात. इथवर डिझेलवर कुणाची ना कुणाची नजर असते. डेपोत तपासणी होते, टँकरला सील लागतं, पंपावर घनतेची नोंद होते. मग कळंबकडचा एखादा शेतकरी मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन बांधून पंपावर येतो, ते भरून घरी नेतो आणि गोठ्याशेजारच्या ड्रममध्ये ओततो. आठ-पंधरा दिवसांनी त्याच ड्रममधून प्लास्टिकच्या नळीने ते ट्रॅक्टरच्या टाकीत उतरतं. पंप ते टाकी हे अंतर फार तर पाच-दहा किलोमीटरचं. आधीच्या साऱ्या प्रवासात जेवढा कचरा डिझेलमध्ये शिरत नाही, तेवढा या शेवटच्या मुक्कामात शिरतो.

धाराशिव जिल्ह्यात फिल्टर किती दिवसांनी बदलायचा, हे या शेवटच्या मुक्कामावरून ठरतं, असं माझं ठाम मत आहे. गाडीसोबत मिळणारी पुस्तिका किलोमीटर सांगते, ट्रॅक्टरची पुस्तिका तास सांगते. दोन्ही आकडे खरे आहेत. पण त्यांत धरलेलं डिझेल पंपाच्या नोझलमधून सरळ टाकीत पडणारं आहे. गंजक्या ड्रममध्ये अख्खा पावसाळा काढलेलं डिझेल त्या हिशेबात येत नाही.

इंधन फिल्टर हा माझा अनेक वर्षांचा नाद. तुळजापूर, येरमाळा, उमरगा, परंडा, कुठंही गेलो तरी एखाद्या गॅरेजात चक्कर ठरलेली असते. फिटरनं बदलून कोपऱ्यात टाकलेला जुना फिल्टर मागून घ्यायचा, घरी आणून हॅकसॉनं कापायचा, आतला कागद उलगडून सावलीत वाळवायचा आणि गाडी कुठली, काय काम करते, डिझेल कुठून भरते हे वहीत टिपून ठेवायचं. दिवाळी अंकाच्या निमित्तानं त्या वहीतलं सार मांडतो आहे.

किलोमीटर नव्हे, लिटर

फिल्टरमधून किलोमीटर जात नाहीत, डिझेल जातं. म्हणून आधी लिटरचा हिशेब करू. लिटरला 20 किलोमीटर देणारी डिझेल कार 20,000 किलोमीटर धावली की 1,000 लिटर डिझेल जळालेलं असतं. नांगरटीला तासाला 4 लिटर घेणारा ट्रॅक्टर 500 तासांत 2,000 लिटर पितो. आणि डिझेल इंजिनात जेवढं जळतं त्यापेक्षा जास्त फिल्टरमधून फिरतं, कारण पंप आणि इंजेक्टरकडून उरलेलं डिझेल परतीच्या नळीनं टाकीत येतं आणि पुन्हा फिल्टरकडे निघतं.

आता कचऱ्याचा हिशेब. युरोपच्या ईएन 590 या मानकानुसार एक किलो डिझेलमध्ये घन कचरा 24 मिलिग्रॅमपर्यंत आणि पाणी 200 मिलिग्रॅमपर्यंत चालतं. आपल्या बीएस-6 डिझेलचे निकषही त्याच धर्तीचे आहेत. हजार लिटर डिझेलचं वजन साधारण 830 किलो. म्हणजे नियमात चोख बसणाऱ्या हजार लिटर डिझेलमध्येही 20 ग्रॅमपर्यंत कचरा आणि 166 ग्रॅमपर्यंत पाणी असू शकतं. प्रत्यक्षात चांगल्या पंपावरचं डिझेल यापेक्षा बरंच स्वच्छ असतं, तरीही फिल्टरला काम कशामुळे असतं हे या आकड्यांवरून कळेल. त्यात ड्रमच्या तळाची मूठभर माती आली, तर पुस्तिकेतला 500 तासांचा आकडा गाठण्याच्या कितीतरी आधीच फिल्टर भरतो.

किलोमीटरच्या मोजणीत आणखी एक खोट आहे. गाळप हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर किंवा ट्रक कारखान्याच्या गव्हाणीपुढच्या रांगेत तासन् तास इंच-इंच सरकत असतो. इंजिन चालू, डिझेल फिल्टरमधून फिरतंय आणि किलोमीटरचा काटा मात्र जागेवर. ताशी 40 किलोमीटरची सरासरी धरली, तर 500 तास म्हणजे 20,000 किलोमीटर. उसाच्या ट्रकचा ताशी सरासरी वेग त्याच्या निम्माही भरत नाही. अशा गाडीनं किलोमीटरकडे बघून फिल्टर बदलला, तर तो दुप्पट उशिरानं बदलला जाणार हे उघड आहे. ढोकीपासून रांजणीपर्यंत जिथं जिथं साखर कारखान्यांची धुरांडी दिसतात, तिथल्या गाडीमालकांनी तासांचा हिशेब ठेवायला हवा.

इतिहास थोडक्यात सांगून पुढं जातो. रुडॉल्फ डिझेलनं 1897 साली जर्मनीतल्या ऑग्सबुर्गला आपलं इंजिन यशस्वी करून दाखवलं. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात त्या तत्त्वावरचं एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चाललं. 1927 मध्ये रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीनं इंजेक्शन पंपांचं उत्पादन सुरू केलं आणि ट्रक-बसमध्ये डिझेल इंजिन सर्रास बसू लागलं. आपल्याकडे खडकीची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स 1946 ची, बेंगळुरूची मायको 1951 ची. विहिरीवरचं किर्लोस्कर इंजिन आणि ट्रकचा मायको पंप यांच्यावर मराठवाड्यातल्या फिटरांची आख्खी पिढी शिकली.

कागद काय काय धरतो

फिल्टर म्हणजे गाळणी, असा सर्वसाधारण समज आहे. छिद्रापेक्षा मोठा कण अडकतो, लहान कण निघून जातो, असं आपण धरून चालतो. पण फिल्टरचा कागद तंतूंच्या दाट जाळ्याचा असतो आणि त्यात कण वेगवेगळ्या रीतीनं पकडले जातात. मोठा कण वाटच न मिळाल्यानं थांबतो. मधल्या आकाराचा कण वळण घेताना तंतूला घासून चिकटतो. जड कणाला डिझेलबरोबर वळता येत नाही, तो सरळ जाऊन तंतूवर आदळतो. अगदी बारीक कण डिझेलमध्ये इकडेतिकडे भरकटत असतात, ते भरकटता भरकटता तंतूला लागतात. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाड असतो. आजच्या गाड्यांचा डिझेल फिल्टर 4-5 मायक्रॉनचे कण अडवण्यासाठी बनवलेला असतो. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी ही धूळच पंपाला खाते.

कागदावर कचऱ्याचा पातळ थर बसला की तो थरही गाळायला लागतो. म्हणून थोडा वापरलेला फिल्टर कोऱ्या फिल्टरपेक्षा बारीक कण धरतो. हे कळल्यापासून विनाकारण वेळेआधी फिल्टर बदलण्याच्या मी विरोधात आहे. बदलताना दरवेळी इंधनाची बंद वाट उघडी पडते आणि नेमकी त्याच वेळी धूळ आत जाण्याची भीती असते. फिल्टर लवकर बदलला म्हणजे गाडीची सेवा झाली असं नाही. योग्य वेळी आणि स्वच्छ हातांनी बदलला, तर झाली.

नऊवारीच्या निऱ्यांसारख्या घड्या घालून तो कागद डब्यात बसवलेला असतो. 80 घड्या आणि प्रत्येक घडी 2 सेंटिमीटर खोल धरली, तर दोन्ही बाजू मिळून पट्टी 3 मीटर 20 सेंटिमीटर भरते. मुठीत मावणाऱ्या डब्यात एवढा कागद! तो उलगडून अंगणात पसरला की गाडीची वर्षभराची कहाणी वाचता येते.

काळाकुट्ट कागद पाहून मालक घाबरतात, पण काळा रंग बहुधा बाहेरच्या मातीचा नसतो. डिझेल इंजिनाजवळ तापतं, परतीच्या नळीनं टाकीत येतं, पुन्हा तापतं. असं होता होता त्यातले काही घटक डांबरासारखे होऊन कागदावर बसतात. नेहमीच्या पंपावर डिझेल भरणाऱ्या जीपचा फिल्टर मी असाच पाहतो: सगळीकडे सारखा काळा, चिकट, पण कुठंही खडा नाही. हा फिल्टर वयानं थकलेला असतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

लालसर तपकिरी थर दिसला की तो गंज. लोखंडी ड्रम किंवा जुनी टाकी आतून सुटते आहे. असा फिल्टर नुसता बदलून उपयोग नाही, नवाही तितक्याच लवकर भरणार. बोटांत चुरगळल्यावर कचकच लागली की ती माती. शेतातल्या मोटारीजवळ उघड्यावर ड्रम ठेवणाऱ्यांच्या फिल्टरमध्ये ती हमखास मिळते. कागदावर रंगीत धागे चिकटलेले दिसले, तेव्हा सुरुवातीला मी बराच विचार केला. नंतर वाशी तालुक्यातल्या एका वस्तीवर उत्तर सापडलं. ड्रमचं झाकण हरवलं होतं आणि तोंडाला जुन्या लुगड्याचा बोळा कोंबला होता. ते धागे त्या बोळ्याचे.

आणि शेवटी करडा, बुळबुळीत, आंबट वासाचा थर. हा मला सर्वांत विलक्षण वाटतो, कारण तो जिवंत असतो. डिझेल आणि पाणी जिथं एकमेकांना टेकतात, त्या सीमेवर बुरशी आणि जिवाणू वाढतात. पाण्यात राहायचं आणि तेल खायचं, असा त्यांचा संसार. हॉर्मोकोनिस रेझिनी नावाची बुरशी यासाठी जगभर कुप्रसिद्ध आहे. जेट विमानांच्या टाक्यांमध्ये तिनं 1950-60 च्या दशकांत मोठा उपद्रव केला होता. ज्या बुरशीनं विमान कंपन्यांना जेरीस आणलं, तिच्याच जातीतली लव परंड्याच्या शिवारातल्या ड्रममध्येही वाढू शकते. अट एकच, तळाला पाणी हवं. पाणी काढलं की तिचं घर गेलं.

पाणी हा खरा शत्रू

म्हणून धुळीपेक्षा पाण्याबद्दल मी जास्त बोलतो. पाण्याची घनता 1, डिझेलची साधारण 0.83. त्यामुळे पाणी नेहमी तळाला बसतं आणि टाकीतून इंधन ओढणारी नळी तळाजवळच असते. हे पाणी पंपात गेलं की तीन नुकसानं होतात. पंपाचे आणि नोझलचे भाग डिझेलच्याच तेलकटपणावर सरकत असतात. पाण्यात तो तेलकटपणा नसतो, म्हणून ते घासले जातात. जिथं पाणी थांबतं तिथं गंज चढतो. आणि नोझलच्या तापलेल्या टोकाशी पाण्याची एकदम वाफ झाली तर टोकच फुटू शकतं.

जुन्या इंजिनात नोझल साधारण 200 बार दाबाला उघडायचं. 1997 मध्ये अल्फा रोमिओ 156 या गाडीत कॉमन रेल (एकाच सामाईक नळीतून सगळ्या इंजेक्टरना दाबाखालचं डिझेल देणारी) पद्धत आली आणि गेल्या वीसेक वर्षांत ती आपल्याकडच्या जीप-पिकअपपासून ट्रकपर्यंत पोचली. आता दाब 1,600 ते 2,000 बारच्या घरात आहे. पंप आणि इंजेक्टरच्या आतल्या भागांमधली फट काही मायक्रॉनचीच. जुनं इंजिन थोडी घाण पचवून धूर काढत का होईना चालायचं, नवं पचवत नाही. काही शे रुपयांचा फिल्टर वाचवण्याच्या नादात इंजेक्टर आणि पंप मिळून बिल लाखाच्या आसपास गेल्याची उदाहरणं कुठल्याही पंपवाल्या फिटरकडे ऐकायला मिळतील.

हे पाणी येतं कुठून? रात्रीच्या गारव्यात अर्ध्या रिकाम्या टाकीतल्या हवेतली वाफ थंड होऊन थेंब बनते, हे खरं आहे. संध्याकाळी टाकी भरून ठेवण्याचा सल्ला त्यासाठीच दिला जातो आणि तो योग्यही आहे. पण माझ्या मते आपल्याकडे या दवाला फुकाचा मान मिळतो. खरं पाणी येतं ते उभ्या ठेवलेल्या ड्रमच्या वरच्या झाकणातून. पावसाचं पाणी ड्रमच्या डोक्यावर साचतं. दिवसा तापलेला ड्रम रात्री थंड होताना श्वास आत घेतो आणि सैल बुचातून ते साचलेलं पाणी शोषून घेतो. ड्रम छपराखाली आडवा ठेवला, दोन्ही बुचं डिझेलच्या पातळीखाली, एका आडव्या रेषेत राहतील असा फिरवला, तर हे शोषण थांबतं. ओतायचा ड्रम उभाच ठेवायचा असेल तर थोडा कलता ठेवावा, म्हणजे पाणी बुचापासून लांब साचतं. कायद्यानंही शेतकऱ्याला यात अडचण नाही. 1934 च्या पेट्रोलियम कायद्यानुसार डिझेल ‘ब’ वर्गात येतं आणि एकूण साठा 2,500 लिटरच्या आत, एकेक भांडं 1,000 लिटरच्या आत असेल तर त्याला परवाना लागत नाही. मात्र पेट्रोल असं साठवू नये, ते फार लवकर पेट घेतं.

ट्रॅक्टरच्या फिल्टरखाली काचेची वाटी असते किंवा तळाला पाणी काढायचा स्क्रू असतो. नव्या गाड्यांत पाणी साचलं की डॅशबोर्डवर दिवा लागतो. हा दिवा लागल्यावर ‘गावात जाऊन बघू’ म्हणून गाडी दामटू नये. इंजिन बंद करून स्क्रू ढिला करायचा आणि नितळ डिझेल येईपर्यंत पाणी सोडायचं, हे काम पाच मिनिटांचं आहे. फिल्टर बदलण्यापेक्षा पाणी सोडणं कितीतरी जास्त वेळा करायला हवं आणि आपल्याकडे नेमकं तेच राहून जातं.

घाटात कळतं

उमरग्याजवळ हैदराबाद रस्त्यावर एका जुन्या फिटरशी माझ्या पुष्कळ गप्पा होतात. एकदा मी त्याला फिल्टर तुंबल्याची लक्षणं विचारत होतो. तो म्हणाला, ‘‘सर, सपाटीला सगळ्याच गाड्या चांगल्या असत्यात. घाटात कळतं.’’ यामागचं कारण सरळ आहे. सपाटीवर इंजिनाला थोडं डिझेल पुरतं आणि तुंबलेला फिल्टरही तेवढं पुरवतो. घाटात पूर्ण भार आला की मागणी वाढते आणि तिथं फिल्टर कमी पडतो. गाडी ओढत नाही, धक्के देते, वेग दिला तरी आवाज दबका राहतो, मध्येच बंद पडते आणि दहा मिनिटं थांबल्यावर पुन्हा चालू होते. सोलापूरहून तुळजापूरचा घाट चढताना नेहमीच्या गिअरमध्ये चढणारी गाडी एक गिअर खाली मागू लागली, तर आधी फिल्टर बघावा. सकाळी स्टार्टर जास्त वेळ मारावा लागणं हीसुद्धा खूण आहे, पण त्याचं कारण बॅटरी किंवा नळीत धरलेली एअरही असू शकतं.

याच रस्त्यावरच्या नळदुर्गला गेलो की किल्ला पाहिल्याशिवाय मला परतवत नाही, म्हणून इथं दोन ओळी त्याच्यासाठी. बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणी महाल बांधला आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, 1613 चं हे काम. पावसाळ्यात बांधावरून नर-मादी धबधबे कोसळत असतात आणि महालात मात्र माणसं कोरडी उभी असतात. पाण्याला ठरवलेल्या वाटेनंच जायला लावण्याचं ते कसब पाहून मी दरवेळी थक्क होतो. किल्ल्यावरून उतरल्यावर महामार्गालगतच्या गॅरेजांमध्ये जायचं. तिथं लांब पल्ल्याचे ट्रक थांबतात आणि त्यांचे फिल्टर आपल्या गावच्या ट्रॅक्टरपेक्षा किती स्वच्छ निघतात ते पाहायचं. तोच रस्ता, तीच धूळ. फरक एवढाच की ट्रकवाले पंपावरून थेट टाकीत डिझेल भरतात.

फिल्टरकडून भलती अपेक्षाही ठेवू नये. तो घन कचरा धरतो, काही पाणी धरतो. डिझेलमध्ये विरघळलेलं रॉकेल तो धरू शकत नाही. भेसळीचा धंदा किती निर्दय होता हे महाराष्ट्र विसरलेला नाही. 25 जानेवारी 2011 रोजी मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळलं. त्यांची आठवण ठेवायची, तर ग्राहक म्हणून आपला हक्क वापरायला हवा. पंपावर घनता मोजून मागता येते, पाच लिटरचं प्रमाणित माप मागता येतं, पेट्रोलसाठी फिल्टर पेपरची चाचणी मागता येते. शंका आली तर मागावंच. आणि पंपावर टँकर रिकामा होत असेल तर तिथं भरू नये, ढवळलेला गाळ खाली बसू द्यावा.

पेट्रोलवाल्यांसाठी थोडं. फेब्रुवारी 2023 मध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री देशात सुरू झाली आणि आता ते सगळीकडे मिळतं. त्यातलं इथेनॉल उसापासूनही बनतं, म्हणजे आपल्या भागातल्या शेतकऱ्याचा घाम त्यात आहे. याचं मला अप्रूप आहे. पण इथेनॉल पाणी शोषतं आणि जुन्या टाकीच्या भिंतीवरचा थर सोडवतं. तो थर फिल्टरमध्ये येतो. म्हणून जुन्या कार्बोरेटरच्या मोटारसायकलवर असं पेट्रोल नियमित वापरायला लागल्यावर पहिला फिल्टर लवकर भरतो. तो बदलून पुढं निर्धास्त राहावं. भूम-परंड्याकडच्या खव्याच्या फेऱ्या करणाऱ्या दुचाक्या रोज पहाटे धावतात आणि त्यांच्या टाकीतलं पेट्रोल कधी शिळं होत नाही. महिनोन् महिने ओसरीत उभी राहणारी दुचाकी मात्र पाणी धरते.

मग कधी बदलायचा?

वहीतला निष्कर्ष आता गाडीनुसार सांगतो. पुस्तिकेतला आकडा ही कमाल मर्यादा समजावी, त्यापलीकडे कधीच जाऊ नये.

कार्बोरेटरच्या दुचाकीचा नळीतला छोटा पारदर्शक फिल्टर वर्षातून एकदा बदलावा आणि कॉकची जाळी त्याच वेळी धुवावी. इंजेक्शनच्या दुचाकीत जाळी टाकीतल्या पंपाशी असते. लक्षणं दिसल्याशिवाय ती उघडू नये. पेट्रोल कारचा फिल्टर बाहेर असेल तर 40,000 ते 60,000 किलोमीटर, टाकीच्या आत असेल तर पुस्तिका सांगेल तेव्हा. डिझेल कार, जीप आणि पिकअपना बहुतेक पुस्तिका 20,000 ते 40,000 किलोमीटर सांगतात. आपल्याकडे खालचा आकडा धरावा आणि गाडी कमी चालली तरी वर्षाला एकदा बदलावा. ट्रकला पुस्तिकेचा आकडा चालेल, पण उसाच्या ट्रकला तासांचा हिशेब लावावा. ट्रॅक्टरला पुस्तिकेत साधारण 400-500 तास असतील. डिझेल ड्रममधून येत असेल तर त्याच्या दोन फिल्टरांपैकी पहिला 250 तासांना बदलावा आणि दुसरा पुस्तिकेतल्या आकड्याला. विहिरीवरचं इंजिन आणि जनरेटर यांचा हंगामाच्या तोंडी, वर्षाला एकदा. आणि सगळ्याच डिझेल इंजिनांचं पाणी: पावसाळ्यात आठवड्याला, एरवी महिन्याला.

ही वर्षाची एक वेळ कोणती, यावर माझं मत पक्कं आहे: पावसाळा संपल्यावर, गाळप हंगामाच्या आधी. खंडेनवमीला आपण ट्रॅक्टर धुतो, हळदकुंकू लावतो, झेंडूची माळ घालतो. त्या पूजेच्या आदल्या दिवशी फिल्टर बदलावा आणि ड्रमचा तळ धुवावा. पावसाळ्यातलं सगळं पाणी तोवर तळाला बसलेलं असतं आणि पुढं सहा महिने इंजिनाला उसंत नसते.

बदलण्याची रीतही नीट हवी. आधी फिल्टरभोवतीची माती ब्रशनं काढून डिझेलनं पुसावी, मगच पाना लावावा. जुनी ओ-रिंग आणि तांब्याचे वॉशर पुन्हा वापरू नयेत. नवा फिल्टर बाटलीतल्या डिझेलनं काठोकाठ भरून बसवायची पद्धत गॅरेजांत सर्रास दिसते. कॉमन रेलच्या गाडीत ती घातक आहे, कारण मधल्या भोकातून ओतलेलं डिझेल न गाळताच पंपात जातं. हँड पंप असेल तर त्यानं भरावं. जुन्या ट्रॅक्टरवर एअर काढताना फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत हँड पंप मारावा, स्क्रू आवळावा, मग पुढच्या नळीकडे जावं. कॉमन रेल इंजिन चालू असताना इंजेक्टरची नळी ढिली करणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. त्या दाबाची धार कातडी भेदून आत जाते आणि जखम बाहेरून टाचणीएवढी दिसली तरी हात गमावण्याची वेळ येऊ शकते.

नकली फिल्टर बाजारात आहेत. ओळखायचे कसे? घड्या असमान असतात, कागद पातळ असतो, टोकाचा गोंद सुटलेला असतो, रबर कडक असतं. जुना अस्सल फिल्टर शेजारी ठेवून तुलना करावी आणि पक्की पावती घ्यावी. नंतर डब्यावर मार्करनं तारीख आणि तासांचा आकडा लिहावा, म्हणजे पुढच्या वेळी ‘मागच्या वर्षीच बदलला असेल’ असं म्हणायची वेळ येत नाही.

ट्रॅक्टर आणि पिकअप विकणाऱ्यांकडे माझी एक मागणी आहे. पुस्तिकेत मराठीत एक जादा पान द्या: डिझेल ड्रममधून भरत असाल तर फिल्टर केव्हा बदलावा, ड्रम कसा ठेवावा, पाणी कधी सोडावं. कृषी प्रदर्शनांत अवजारांबरोबर एक कापलेला फिल्टरही मांडा. ज्यानं तो बुळबुळीत करडा थर एकदा बोटानं चाचपला, तो ड्रमला लुगड्याचा बोळा लावणार नाही. तोवर हे काम आपलं आपणच करू. हा अंक हाती येईपर्यंत ऊसतोडीच्या टोळ्या फडात उतरलेल्या असतील. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडण्याआधी ड्रमचं झाकण आणि फिल्टरवरची तारीख तपासा. तारीखच लिहिलेली नसेल तर नवा फिल्टर बसवा आणि आजची तारीख टाका.